थंडीतले गोचीड : औषध थांबवावे की चालू ठेवावे?

आडवाट (धागाकर्ता)

गेली चार वर्षे आमच्या घरी एक शिरस्ता पाळला जात होता. थंडी पडली की कुत्रीचे गोचिडांवरचे औषध बंद करायचे आणि उकाडा सुरू झाला की पुन्हा चालू करायचे. औषध म्हणजे शेवटी विषच, ते जितके कमी पोटात जाईल तितके बरे, असा त्यामागचा विचार होता, आणि थंडीच्या महिन्यांत तिच्या अंगावर कधी काही आढळले नसल्यामुळे तो विचार तपासून पाहण्याची गरजही मला भासली नव्हती.

मागच्या आठवड्यात ती भासली. पहाटे पारा ४ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता. दुपारी ऊन पडले, तो १२-१३ अंशांपर्यंत चढला आणि तेवढ्या दोन तासांत आम्ही दोघी वाळक्या गवताच्या कडेने फिरून आलो. संध्याकाळी तिच्या कानामागून हात फिरवताना बोटाला काहीतरी बारीक लागले. गवताचे बी असेल असे समजून केस बाजूला सारले, तर तिळाएवढा तांबूस-काळा गोचीड केसांच्या मुळांतून सावकाश वर चढत होता. अजून चिकटलेला नव्हता. चिमट्याने उचलून मी तो पांढऱ्या बशीत ठेवला. बशी थंडगार होती, त्यामुळे तो पाय पोटाशी घेऊन निपचित पडला. मेला असे वाटून मी वाकून पाहिले आणि माझा श्वास त्याच्यावर पडताच त्याने पुढचे दोन पाय हवेत उंच केले आणि तो सरळ माझ्या दिशेने चालू लागला.

तेव्हापासून मी अस्वस्थ आहे. थंडीत गोचीड मरत नाहीत का? मरत नसतील तर ते कुठे असतात? आणि औषध बारा महिने चालू ठेवणे खरोखर आवश्यक आहे, की हा एखादाच चुकार गोचीड मानून सोडून द्यावे? जाणकारांनी सविस्तर लिहिले तर उपकार होतील.

अष्टपाद

आपण बशीत पाहिले ते फार नेमके आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. गोचीड हा कीटक नाही. तो कोळ्याच्या जातकुळीतला, आठ पायांचा जीव आहे (फक्त अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाला सहा पाय असतात). त्याच्या पुढच्या दोन पायांच्या टोकांजवळ हॅलरचे इंद्रिय नावाची एक सूक्ष्म खाच असते आणि तिच्यातून त्याला उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब आणि वास यांचा सुगावा लागतो. तो उडी मारत नाही, उडत नाही, झाडावरून अंगावर पडतही नाही. गवताच्या पात्यावर चढून पुढचे पाय पसरून बसतो आणि जवळून जाणाऱ्याच्या केसांना किंवा कपड्यांना लटकतो. आपल्या बशीतला गोचीड तेच करत होता, फक्त त्याला पाते मिळाले नव्हते.

आता थंडीविषयी. गोचिडाला स्वतःची ऊब नसते, त्यामुळे थंडीत त्याच्या हालचाली मंदावतात, हे खरे. पण मंदावणे आणि मरणे यांत फार अंतर आहे. इक्सोडिस कुळातल्या गोचिडाचे आयुष्य साधारण दोन-तीन वर्षांचे असते आणि तेवढ्या काळात तो फक्त तीनदा रक्त पितो : पिल्लू असताना एकदा, निम्फ (पिल्लू आणि प्रौढ यांमधली अवस्था) असताना एकदा आणि प्रौढ झाल्यावर एकदा. मधला सगळा काळ तो उपाशी, जमिनीलगत काढतो. ज्या प्राण्याच्या आयुष्यात दोन-तीन हिवाळे येणारच आहेत, तो पहिल्याच हिवाळ्यात मेला असता तर त्याची जात केव्हाच संपली असती.

तो थंडी काढतो पालापाचोळ्यात. कुजत्या पानांचा वीतभर थर असला की वरची हवा गोठली तरी खालचे तापमान तितके उतरत नाही, आणि तिथे ओलही टिकून असते. बर्फ पडत असलेल्या प्रदेशात तर बर्फ त्याच्यावर पांघरुणासारखा पसरतो. काही गोचिडांच्या शरीरात पाणी गोठू न देणारी द्रव्येही तयार होतात. उत्तर अमेरिकेतल्या काळ्या पायांच्या गोचिडावर २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसले, की ॲनाप्लाझ्मा या जिवाणूचा संसर्ग झालेल्या गोचिडात गोठणरोधक प्रथिन जास्त तयार होते आणि तो थंडीत अधिक तग धरतो. म्हणजे रोगजंतू आपल्या वाहनाला कडाक्यातून जिवंत बाहेर काढतो. मला स्वतःला या विषयातली ही सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते.

आता आकडे. याच काळ्या पायांच्या गोचिडाचे, म्हणजे इक्सोडिस स्कॅप्युलॅरिसचे, प्रौढ ऑक्टोबरच्या सुमारास बाहेर पडतात आणि ज्यांना यजमान मिळत नाही ते थंडीभर, पारा साधारण ४ अंशांच्या वर गेला की पुन्हा पात्यावर चढून बसतात. युरोपातला इक्सोडिस रिसिनस साधारण ७ अंशांच्या आसपास हलू लागतो. डर्मासेंटर रेटिक्युलेटस हा तिथलाच दुसरा गोचीड त्याहूनही काटक असून गोठणबिंदूच्या जरा वरच्या तापमानातही फिरताना आढळतो. म्हणून ‘महिना कोणता’ हा प्रश्न गोचिडाच्या दृष्टीने गैरलागू आहे. त्याला कळते ते आजच्या दुपारचे ऊन.

सडेतोड

धागा वाचला. एका चुकार गोचिडावरून बारा महिने औषध देण्यापर्यंत उडी मारणे मला पटत नाही. माझ्याकडे अकरा वर्षांत तीन कुत्रे झाले, थंडीत कधीही औषध दिले नाही आणि कधीही गोचीड दिसला नाही. कडाक्याच्या थंडीत किडे-मुंग्या मरतात हे सर्वांना ठाऊक आहे. शिवाय औषधांचे दुष्परिणामही असतात, त्यांविषयी इथे कुणी बोलत नाही. गोचिडांवरच्या आइसोक्साझोलिन गटातल्या गोळ्यांमुळे काही कुत्र्यांना झटके येऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०१८ साली दिला होता, तो विसरू नये.

तळटीप

सडेतोड, आपला शेवटचा मुद्दा रास्त आहे आणि त्यावर कुणीतरी पुढे लिहीलच. पण ‘थंडीत मरतात’ यावर माझा एक अनुभव सांगते.

दोन वर्षांपूर्वी आमच्या कुत्र्याच्या पायाच्या बोटांच्या बेचक्यातून गोचीड काढला आणि डॉक्टरांना दाखवण्यासाठी बारीक बाटलीत, ओलसर कापसाच्या बोळ्यासह, फ्रिजच्या दारात ठेवला. डॉक्टरांची भेट पुढे ढकलली गेली आणि बाटली लोणच्याच्या बरणीमागे राहून गेली. जवळपास तीन आठवड्यांनी फ्रिज पुसताना ती हाती लागली. आतला गोचीड बाटलीच्या तळाशी उताणा पडला होता. बाटली मुठीत धरून मी झाकण घट्ट आहे का ते पाहत होते, तेवढ्यात एक पाय हलला, मग दुसरा. दोन मिनिटांत तो काचेवरून झाकणाकडे चढू लागला होता. फ्रिजमधले तापमान ४ अंशांच्या आसपास असते. त्या दिवसापासून थंडीवर भरवसा ठेवणे मी सोडले. (अवांतर : फ्रिज पुन्हा एकदा पूर्ण धुवावा लागला, आणि तो मीच धुतला.)

अष्टपाद

ओला बोळा होता म्हणूनच तो जगला. गोचिडाचा खरा शत्रू थंडीपेक्षा कोरडेपणा आहे. बहुतेक जातींना टिकून राहण्यासाठी आसपासच्या हवेत साधारण ८० टक्क्यांहून अधिक आर्द्रता लागते. पात्यावर बसून अंग सुकू लागले की तो खाली पाचोळ्यात उतरतो आणि हवेतली ओल शोषून पुन्हा वर येतो.

सडेतोड यांच्या म्हणण्यातही तथ्य आहे, ते नाकारत नाही. बर्फाचे किंवा पाचोळ्याचे पांघरूण नसताना अचानक आलेला आणि लांबलेला कडाका, किंवा वरचेवर गोठणे आणि वितळणे, यांत पुष्कळ गोचीड मरतात. मात्र सगळे मरत नाहीत, आणि पाचोळ्यात दडून उरलेले पुढच्या उन्हाळ्यासाठी पुरेसे असतात.

थंडीत ‘दिसत नाहीत’ याचे आणखी एक कारण आहे. हिवाळ्यात कुत्र्याच्या अंगावरचे केस दाट होतात. त्यात, रक्त न प्यायलेला गोचीड तिळाएवढा असतो. निम्फ तर खसखशीच्या दाण्याएवढा. अंगावर असूनही तो नजरेला पडत नाही, बोटांना लागतो. म्हणून पाहण्यापेक्षा चाचपणे महत्त्वाचे.

आणि थंडीलाच आपला हंगाम मानणाराही एक गोचीड आहे : डर्मासेंटर अल्बिपिक्टस. त्याला उत्तर अमेरिकेत हिवाळी गोचीड असेच म्हणतात. त्याची पिल्ले शरद ऋतूत झुडपांवर घोसाघोसाने लटकून बसतात आणि मूस नावाचे अजस्र हरीण तिथून गेले की पूर्ण घोसच त्याच्या अंगावर जातो. पिल्लू, निम्फ आणि प्रौढ या तिन्ही अवस्था तो एकाच जनावरावर, ऐन हिमवर्षावात पार पाडतो आणि वसंताच्या तोंडावर माद्या गळून पडतात. एकेका मूसवर असे हजारो, कधी कधी कित्येक दहा हजार गोचीड मोजले गेले आहेत. खाजेने हैराण झालेले जनावर झाडांना अंग घासून स्वतःचे केस उपटून काढते आणि पांढरेफटक दिसू लागते. वासरे तर रक्तक्षयाने मरतात. शरद ऋतू जितका लांबतो, तितका या पिल्लांना घोस करून बसायला अवधी मिळतो.

गोठापुराण

मी निवृत्त पशुवैद्यक आहे. चर्चा कुत्र्यांभोवती फिरत असली, तरी ज्यांच्या दारात गाई-म्हशी आहेत त्यांच्यासाठी थंडीचे महत्त्व वेगळे आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

गुरांच्या अंगावर प्रामुख्याने दोन प्रकारचे गोचीड आढळतात आणि दोघांची थंडी काढण्याची रीत निराळी आहे. ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस हा एकाच जनावरावर वाढणारा गोचीड. पिल्लू अंगावर चढले की साधारण तीन आठवड्यांत त्याची टपोरी मादी होऊन खाली गळते आणि दोन-तीन हजार अंडी घालून मरते. उकाड्यात ही अंडी काही आठवड्यांत फुटतात. थंडीत मात्र त्यांना कितीतरी अधिक वेळ लागतो, आणि फुटलेली पिल्ले गारव्यात, ओलाव्यात उपाशीपोटी कित्येक महिने वाट पाहू शकतात. दुसरा हायलोमा ॲनाटोलिकम. थायलेरिया, म्हणजे ज्याला आपण सर्रास गोचीड ताप म्हणतो, तो याच्यामार्फत पसरतो. हा थंडीत गोठ्याच्या भिंतीच्या भेगांत, दगडांच्या सांध्यांत, गव्हाणीच्या खाचांत जाऊन स्वस्थ बसतो. जनावराच्या अंगावर काही दिसत नाही, मालक निर्धास्त होतो आणि ऊन तापले की एका आठवड्यात गोठा भरून जातो.

माझे म्हणणे असे, की गोठ्यातल्या गोचिडांची मोहीम थंडीतच काढावी. शत्रू तेव्हा संख्येने कमी असतो, पळत नाही आणि कुठे बसला आहे हे ठाऊक असते. बॅटरी घेऊन संध्याकाळी भिंतीच्या भेगांत उजेड टाका. जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत आणि वर आढ्याजवळही पाहा. गोचीड वर चढतात. भेगांत मुगाएवढे करडे दाणे एकमेकांना चिकटून बसलेले दिसतील. त्या भेगा आधी औषधाने फवाराव्यात, मग सिमेंटने लिंपून बंद कराव्यात आणि वरून चुना मारावा. आगीच्या झोताने भेगा भाजण्याची पद्धतही आहे, पण ज्या गोठ्यात कडबा किंवा पेंढा आहे तिथे मी ती कधीही सुचवली नाही आणि सुचवणारही नाही. शेणाचे व पेंढ्याचे ढीग गोठ्यापासून लांब न्यावेत.

जनावरावर औषध वापरताना थंडीत एक चूक हमखास होते. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन किंवा अमित्राज पाण्यात मिसळून सकाळच्या गारठ्यात जनावर नखशिखांत भिजवतात. मोठे जनावर ते सोसते, वासराला मात्र न्यूमोनिया होऊ शकतो. फवारणी करायचीच असेल तर ऊन पडल्यावर, वारा नसताना करावी आणि जनावर उन्हातच वाळू द्यावे. नाहीतर पाठीच्या कण्यावर ओतायचे फ्लुमेथ्रिनसारखे औषध वापरावे, म्हणजे भिजवण्याचा प्रश्नच येत नाही. अमित्राज घोड्याला चालत नाही. आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन दिल्यावर किती दिवस दूध वापरू नये हे वेष्टनावर लिहिलेले असते, ते वाचूनच द्यावे.

आणि मात्रा. ‘थंडी आहे, गोचीड थोडेच आहेत, अर्धे औषध पुरे’, हे वाक्य मी नोकरीच्या काळात इतक्यांदा ऐकले की त्याची मोजदाद ठेवली नाही. अर्ध्या मात्रेने दुबळे गोचीड मरतात आणि चिवट उरतात. पुढची पिढी त्यांचीच होते. काही हंगामांनी पूर्ण मात्राही लागू पडत नाही आणि दोष औषधाच्या माथी जातो.

चिमणचारा

गोठापुराण यांनी भिंतीच्या भेगांचे लिहिले, ते घराच्या भिंतींनाही लागू आहे. आमच्याकडे ऐन थंडीत, हीटर चालू असलेल्या खोलीत, पडद्याच्या दुमडीत बारीक तपकिरी ठिपके चढताना दिसले. आधी कोळ्याची पिल्ले वाटली. मग कुत्र्याचे अंथरूण उचलले आणि त्याखालच्या पाटीच्या फटीत एक फुगलेली मादी आणि तिच्यापुढे तपकिरी मोहरीच्या ढिगासारखी अंडी पाहिली. बाहेर कितीही थंडी असली, तरी त्या फटीत कायम उन्हाळाच होता. औषध त्या काळात बंद होते, हे वेगळे सांगायला नको.

अष्टपाद

तो ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस, कुत्र्यांचा तपकिरी गोचीड. पिल्लापासून मादीपर्यंतचा अख्खा संसार घरात थाटणारा असा गोचीड दुसरा क्वचितच. घर उबदार असेल तर तो वर्षभर पिढ्या काढतो आणि मादी चार हजारांपर्यंत अंडी घालू शकते. कुत्र्याला औषध देऊन निम्मेच काम होते. अंथरूण गरम पाण्यात धुणे, फटी व्हॅक्यूमने ओढून घेणे, व्हॅक्यूमची पिशवी लगेच बंद करून घराबाहेर टाकणे आणि हे सर्व काही आठवडे पुन्हा पुन्हा करणे भाग असते, कारण अंडी एका दिवशी फुटत नाहीत.

पायपीट

मी थंडीतच जास्त चालतो, त्यामुळे माणसांविषयी लिहितो. थंडीत आपण तीन-तीन थर घालतो, म्हणून सुरक्षित आहोत असे वाटते. प्रत्यक्षात गोचीड त्या थरांवरूनच घरात येतो. उन्हाळ्यातला सदरा आपण त्याच दिवशी धुतो. थंडीतला कोट मात्र खुंटीला टांगतो आणि पंधरा दिवस तसाच वापरतो. कोटाच्या शिवणीत बसलेला गोचीड रात्री खाली उतरतो आणि अंगावर चावा कधी, कुठे बसला याचा पत्ता लागत नाही.

म्हणून मी घरात शिरण्यापूर्वी कोट उलटा करून झटकतो, शिवणी, कॉलर आणि खिशांच्या कडा बोटांनी चाचपतो. कपडे धुण्यापूर्वीच, कोरडे असताना, ड्रायरमध्ये जास्त तापमानावर दहा मिनिटे फिरवले तर त्यावरचे गोचीड मरतात. गार किंवा कोमट पाण्याच्या धुण्यातून ते सहज वाचतात, पाणी किमान ५४ अंशांचे हवे. विजार मोज्यांत खोचावी, कपडे फिक्या रंगाचे असावेत म्हणजे चढणारा गोचीड दिसतो. बुटांवर आणि विजारीवर ०.५ टक्का परमेथ्रिन हे कीटकनाशक फवारता येते, पण ते कापडासाठी आहे, कातडीसाठी नाही. कातडीवर डीट किंवा पिकारिडिन असलेले, गोचीड दूर ठेवणारे मलम किंवा फवारा लावावा. नंतर अंग पाहताना गुडघ्यामागे, काखेत, कमरपट्ट्याखाली, बेंबीत, कानामागे आणि केसांच्या कडेने पाहावे.

सडेतोड

चिकटलेला गोचीड काढायला काडी पेटवून चटका द्यावा किंवा रॉकेलचा थेंब टाकावा, की तो आपोआप सुटतो. लहानपणापासून हेच पाहत आलो आहे. त्यासाठी एवढ्या सरंजामाची गरज नाही.

गोठापुराण

हे मात्र कृपया कुणी करू नये. चटका, रॉकेल, नखपॉलिश, तूप यांपैकी कशानेही डिवचला गेलेला गोचीड पोटातले द्रव जखमेत ओकू शकतो, आणि जंतू नेमके तिथे किंवा लाळेत असतात. बारीक टोकाचा चिमटा घ्यावा, कातडीला अगदी लागून तोंडाशी पकडावा आणि न पिळता, न झटकता, एकसारख्या जोराने सरळ वर ओढावा. पोट दाबले जाता कामा नये. तोंडाचा बारीकसा तुकडा आत राहिला आणि सहज निघाला नाही तर उकरत बसू नये, कातडी त्याला बाहेर टाकते. जागा व हात साबणाने धुवावेत. गोचीड नखावर चिरडू नये. चिकटपट्टीत बंद करावा किंवा अल्कोहोलमध्ये बुडवावा. फ्रिजमध्ये ठेवू नये, हे आता निराळे सांगण्याची गरज उरलेली नाही.

काढण्यात उशीर करू नये, यालाही कारण आहे. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातल्या लाइम गावावरून ज्याला नाव पडले, त्या लाइम रोगाचे जंतू माणसात जायला गोचीड साधारणतः २४ तासांहून अधिक काळ चिकटून राहावा लागतो. म्हणून रोजची तपासणी हेच मोठे औषध. चावल्यानंतर काही आठवड्यांत ताप, अंगदुखी किंवा पसरत जाणारा लाल चट्टा दिसला, तर डॉक्टरांना ‘गोचीड चावला होता’ हे आवर्जून सांगावे. थंडीत डॉक्टरांनाही गोचिडाची आठवण लवकर होत नाही आणि ताप सर्दी-पडशाच्या खाती जमा होतो.

रानमेवा

थंडीचा आणि गोचिडाचा संबंध बर्फाळ प्रदेशापुरताच आहे असे कुणाला वाटू नये म्हणून लिहितो. कर्नाटकातल्या शिवमोग्गा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात १९५७ साली माकडे मरू लागली आणि पाठोपाठ माणसांना रक्तस्रावी ताप आला. हेमाफायसालिस स्पिनिजेरा या गोचिडामार्फत पसरणारा तो क्यासनूर जंगल ताप, ज्याला लोक माकडताप म्हणतात. पश्चिम घाटात पुढेही त्याच्या साथी येत राहिल्या आहेत आणि त्यांचा हंगाम असतो साधारण डिसेंबर ते मे. पाऊस संपल्यावर पिल्ले वाढून निम्फ होतात आणि कोरड्या, गार दिवसांत ते जंगलाच्या जमिनीवर सर्वाधिक असतात. नेमके त्याच दिवसांत लोक सरपण आणि पाला गोळा करायला जंगलात जातात. तिथे तर थंडी म्हणजे धोक्याची सुरुवात आहे. जंगलात मेलेले माकड दिसले तर जवळ जाऊ नये, आरोग्य खात्याला कळवावे.

बागशाई

पालापाचोळ्यात गोचीड राहतात हे वाचून मी अंगणातला सगळा पाचोळा पेटवून द्यायच्या विचारात आहे. योग्य होईल का?

अष्टपाद

पेटवू नये. धूर होतो, आणि त्या पाचोळ्यात गांडुळे, फुलपाखरांचे कोश असे कितीतरी निरुपद्रवी जीव थंडी काढत असतात. जिथे कुत्रा लोळतो, मुले खेळतात आणि पायवाट जाते, तेवढ्या जागेचा पाचोळा ओढून लांब न्यावा. झाडी आणि अंगण यांच्यामध्ये मीटरभर रुंदीचा खडीचा किंवा लाकडाच्या ढलप्यांचा कोरडा पट्टा ठेवावा; अंग सुकण्याच्या भीतीने गोचीड तो सहसा ओलांडत नाहीत. सरपणाची रास भिंतीला लागून रचू नये, कारण तिच्यात उंदीर राहतात आणि गोचिडाच्या पिल्लांचे पहिले जेवण बहुधा उंदरावरच होते.

चिमणचारा

एक गोष्ट लिहायची राहून गेली. घरातले गोचीड पाहून मी इतकी घाबरले होते की दुकानातून कुत्र्यासाठीचे मानेवर सोडायचे औषध आणले आणि उरलेला थेंब मांजरीच्या मानेवर सोडला. विकणाऱ्याने विचारले नाही, मीही वेष्टन वाचले नाही. दोन तासांनी तिचे कान फडफडू लागले, मग सर्वांग थरथरू लागले. त्यात परमेथ्रिन होते आणि ते मांजरांना विषारी असते. डॉक्टरांनी साबणाने धुवायला सांगितले, रात्रभर दवाखान्यात ठेवले, ती वाचली. उबेसाठी कुत्रा आणि मांजर एकत्र झोपत असतील, तर कुत्र्याला लावलेले औषध पूर्ण वाळेपर्यंत त्यांना वेगळे ठेवावे, हेही मला तेव्हाच कळले.

आडवाट (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. गेले दहा दिवस मी एक प्रयोग केला, तो नोंदवते. मीटरभर पांढरे फलालीन काठीला बांधून आमच्या नेहमीच्या वाटेच्या कडेने गवतावरून आणि पाचोळ्यावरून सावकाश ओढत नेले आणि दर काही पावलांनी उलटून पाहिले. दिवसभर पारा ३ अंशांच्या खाली राहिला त्या दोन दिवशी कापडावर एकही गोचीड आला नाही. पारा ९ अंशांवर गेला त्या दुपारी दोन प्रौढ आले, आणि दोन्ही उघड्या गवतात नव्हे, तर पाचोळा आणि गवत जिथे मिळतात त्या कडेला. तेव्हापासून आम्ही वाटेच्या मधून चालतो.

सडेतोड

म्हणजे खऱ्या थंडीच्या दिवशी गोचीड नसतात, हे माझे म्हणणे आपल्याच फलालीनने सिद्ध केले. मग फक्त उन्हाच्या दिवशी काळजी घ्यावी, रोजचे विष कशाला?

आडवाट (धागाकर्ता)

त्या दोन दिवसांपुरते आपले म्हणणे बरोबर आहे. अडचण अशी, की ऊन कोणत्या दुपारी पडणार हे आदल्या दिवशी कळत नाही आणि औषध दिव्याच्या बटणासारखे चालू-बंद करता येत नाही. आपला झटक्यांचा मुद्दा मी डॉक्टरांपुढे ठेवला. ज्या कुत्र्याला पूर्वी झटके आलेले आहेत त्याच्यासाठी ते दुसऱ्या गटाचे औषध निवडतात. हिला तसा इतिहास नाही. त्याच आइसोक्साझोलिन गटातल्या फ्लुरालनरची एक गोळी साधारण बारा आठवडे पुरते, त्यामुळे थंडीचे तीन महिने एका गोळीत निघतात. या गोळीने गोचीड अंगावर चढायचा थांबत नाही, चावल्यावर मरतो, म्हणून रोजचे चाचपणे चालूच राहील.

गोळी लिहून देण्यापूर्वी डॉक्टरांनी तिला वजनकाट्यावर उभे केले. थंडीत फिरणे कमी आणि खाणे तेवढेच, त्यामुळे तिचे वजन दोन किलोंनी वाढून १९ वरून २१ झाले होते. आमच्या गोळीच्या पाकिटावर २० किलोंपर्यंतचा गट वेगळा आणि त्यापुढचा वेगळा आहे. घरातली जुनी गोळी दिली असती तर मात्रा कमी पडली असती. ज्यांना थंडीत औषध चालू ठेवायचे आहे, त्यांनी आधी वजन करून घ्यावे.